खोलीचं तापमान

मंगेश,

तुझ्या शोकसभेला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. आपल्या विभागप्रमुखांना बोलताना माझं तोंड समोर दिसावं, एवढ्याचसाठी. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंगेश मला मुलासारखा होता." मी एकटक बघत राहिले. त्यांची नजर जी मागच्या दाराकडे गेली, ती भाषण संपेपर्यंत तिथेच राहिली. मुलासारखा! जानेवारीत याच माणसाने तुला समोर बसवून, एकेक वाक्य सांगत, तू खोटा आहेस असं तुझ्याच हाताने लिहून घेतलं होतं.

तू कुठे शिकलास, कोणत्या परिषदेत बोललास, हे सगळं बाकीच्यांनी लिहिलं आहे. ज्यांना हवं त्यांनी ते वाचावं. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि माझा सूर गोड नाही, हे आधीच सांगते. चाळिशीही गाठली नव्हतीस. मार्चअखेरीला एका सकाळी आंघोळीला जातो म्हणून गेलास आणि बाहेर आलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, जानेवारी.

तू या कॉलेजात आलास तेव्हा मी प्रयोगशाळा सहायक म्हणून सोळा वर्षं काढलेली होती. नागपूरबाहेर मौद्याच्या रस्त्यावरचं आपलं ते कॉलेज, चारी बाजूंनी मोकळं रान आणि वर पत्र्याची शेड असलेली प्रयोगशाळा. बसमध्ये तू माझ्या शेजारी बसायचास. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या गाड्या आल्या असल्या की अख्खी बस शिंकत पुढे जायची, आणि त्या शिंकांच्या मधूनमधून तू मला तुझं काम समजावून सांगायचास. मला म्हणजे रजिस्टर लिहिणाऱ्या, तारा गुंडाळून ठेवणाऱ्या बाईला. दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाने तेवढी तसदी घेतली नव्हती.

"ताई, हे पेनड्राइव्हसारखं दिसते ना, याच्यात लोकं आपल्या क्रिप्टोची किल्ली ठेवतात."

"किल्ली? मंग पैसे कुठी असतात?"

"पैसे असे कुठीच नसतात. जगभरच्या कॉम्प्युटरमंदी नुसती नोंद असते. किल्ली ज्याच्यापाशी, तो मालक."

"म्हंजे चोराले किल्लीच पाहिजे."

"बस्स! अन् आपण चोराच्या आधी चोरून पाह्यचं. कुलूप कच्चं असन तं बनवणाऱ्याले सांगायचं."

ते मला लगेच पटलं. कुलूप तपासायला कुलपाच्या दुकानदारावर भरवसा ठेवून चालत नाही, एवढं कुठल्याही बाईला कळतं.

मग हळूहळू बाकीचंही कळलं. त्या यंत्रावर पिन टाकला की आतली चिप एकेक आकडा तपासते, आणि तपासताना वीज कमीजास्त खाते. ते चढउतार पडद्यावर लाटेसारखे दिसतात. नीट वाचता आले तर आकडे कळतात. हे कंपनीवाल्यांनाही माहीत असतं, म्हणून चिप मुद्दाम मधेमधे फालतू कामं करून गोंधळ घालते. घरातलं बोलणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून कुणी मिक्सर लावून ठेवावा, तसं. तो गोंधळ बाजूला काढून खालचं बोलणं ऐकायचं, हे तुझं काम. त्यासाठी केसाएवढी तार चिपच्या पायाला डाग देऊन जोडायची. ते तुला अचूक जमायचं. उमरेडला तुझ्या घरी हातमाग होता, तुटलेला धागा सांधायचं काम लहानपणी तुझ्याकडे असायचं. भिंगाखाली तुझी बोटं बघताना मला तुझ्या आईचा हेवा वाटायचा, हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि तुझा तो कूलरचा नियम! मापताना कूलर बंद. का, तर मोटरचा आवाज लाटेत येतो. मे महिना, नागपूर, वर पत्रा, आणि हा माणूस कूलर बंद करतो. आपल्याकडे एवढ्या कारणावरून ठरलेली सोयरीक मोडेल. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून तू पडद्यासमोर बसायचास आणि मी ताकाची बाटली मानेला लावून दाराशी.

"काहून गा मंगेश, जीव घेऊन राहिला काय माह्या?"

"दहा मिनिटं, ताई. दहाच."

तुझी दहा मिनिटं कधी तासाच्या आत संपली नाहीत. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अशाच एका दुपारी, तू मला यंत्रावर माझ्या मनाने पिन टाकायला सांगितलंस आणि पाठ फिरवून उभा राहिलास. मी आईच्या घराचा नंबर उलटा करून टाकला. थोड्या वेळाने तू पडद्यावरून तो जसाच्या तसा वाचून दाखवलास. मी ओरडलेच. तू मात्र हसला नाहीस. तुझं तोंड उतरलं. "ताई, हे यंत्र लय लोकांपाशी हाय," एवढंच म्हणालास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, पेपरात दे, टीव्हीवर सांग, कंपनीची पळापळ होऊ दे. तू म्हणालास, नाही. आधी कंपनीला गुपचूप कळवायचं, त्यांनी दुरुस्ती लोकांपर्यंत पोचवायची, मग जगाला सांगायचं. तुमच्या धंद्याची तशी रीतच आहे, हे तू मला दहादा सांगितलंस. "ताई, यंत्र कंपनीनं बनवलं, पण त्याच्यातलं लोकायचं हाय. कोनी परदेशात राबून जमवलं असन. आपण बोंब मारली का पहिले चोर ऐकते."

"अन् त्यायनं दुरुस्तीच नाही केली तं?"

"करतीन ना."

तुझं हे "करतीन ना" ऐकून माझं डोकं तडकायचं. जगातली सगळी माणसं तुझ्यासारखी आहेत, असं तू कोणत्या पुस्तकात वाचलं होतंस?

कंपनीने दुरुस्ती केली नाही. आधी महिनोन्महिने गप्प बसली. मग उत्तर आलं, आमच्या प्रयोगशाळेत तुमच्या पद्धतीने काहीच दिसत नाही, समक्ष दाखवा. जानेवारीत बंगळुरूहून त्यांचा माणूस आला. चकचकीत बूट, मधाळ आवाज. तीन दिवस तू त्याच्यासमोर तेच यंत्र, त्याच तारा, तोच पडदा घेऊन बसलास. हाती काही आलं नाही. लाट नुसती खरखरत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तार जोडताना ती तुझ्या बोटांतून दोनदा निसटली, हे मी पाहिलं. त्या बोटांतून तार निसटताना मी आधी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्या बुटवाल्याने सगळ्यांदेखत सांगितलं की विज्ञानात प्रामाणिकपणा सगळ्यात आधी येतो. तू मान खाली घातलीस. आपल्या प्रमुखांना तर तुझी काळजी नव्हतीच. कंपनी कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून देणार होती, वातानुकूलित, बाहेर प्रमुखांच्या नावाची पाटी. त्यांनी तुला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि पत्र सांगितलं. मी शेजारच्या खोलीत कागद लावत होते, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला. "माझे निष्कर्ष सदोष नोंदींवर आधारलेले होते. ते मी बिनशर्त मागे घेतो आणि झालेल्या बदनामीबद्दल क्षमा मागतो." क्षमा! बदनामी तुझी झाली होती आणि क्षमाही तूच मागत होतास.

त्यानंतर तू त्या यंत्राला हात लावला नाहीस. तास घेतलेस, पेपर तपासलेस, डबा एकट्याने खाल्लास. बसमध्ये माझ्या शेजारी बसायचास, पण कळमना मागे पडायचं, मिरचीने बस शिंकायची, आणि तू खिडकीबाहेर बघत राहायचास.

आता यंदाचा मे महिना ऐक. तू गेल्यावर दीड महिन्याने मला चिठ्ठी आली, मंगेशचं टेबल रिकामं करा. मी पेटले. रिकामं करायच्या आधी एकदा तुझी मांडणी जशीच्या तशी लावायची ठरवलं. का, ते विचारू नकोस. घर सोडताना आपण देव्हाऱ्यात शेवटचा दिवा लावतो ना, तसंच काहीसं असेल. मांडणी लावली आणि सवयीने उठून कूलर बंद केला. ताकाची बाटली मानेला लावून बसले. पाऊण तासाने पिन टाकला, आणि पडद्यावर लाट स्वच्छ आली. एकेका आकड्याच्या पायऱ्या मोजाव्यात इतकी स्वच्छ.

मी स्टुलावर बसले ती उठेनाच. मग कूलर लावला. तासाभराने पुन्हा पाहिलं तर खरखर. कूलर बंद करून थांबले, पायऱ्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी भाचीचा केस वाळवायचा ड्रायर आणला, सकाळच्या गारव्यात त्या यंत्रावर धरला. पायऱ्या आल्या. मंगेश, ती चिप तापली की गोंधळ घालायचं विसरते! तिचा मिक्सर उन्हाने बंद पडतो. चोराला नागपूरला यायचीही गरज नाही, एक ड्रायर पुरतो. तू खरा होतास. मे महिन्यात खरा होतास, आणि जानेवारीत स्वेटर घालून तू तेच शोधत होतास जे थंडीत सापडणार नव्हतं.

मी धावत रजिस्टर काढलं. प्रत्येक पानावर एक रकाना आहे, "खोलीचं तापमान". तो भरायचं काम माझं. गेल्या वर्षीच्या मे महिन्याची सगळी पानं उलटली. प्रत्येक पानावर माझ्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, "नेहमीचं". डिसेंबरच्या पानांवरही तेच. जानेवारीतही.

नागपुरात मे महिन्यात ऊन असतं, हे कोण लिहून ठेवतं? आपण पंचेचाळीसला "आज जरा गरम आहे" म्हणणारी माणसं. बंगळुरूवाल्यांनी माझ्या रजिस्टरची छायाप्रत वाचली, "नेहमीचं" वाचलं, आणि त्यांच्या नेहमीच्या गारेगार खोलीत यंत्र ठेवून तुला खोटं ठरवलं. माझ्या त्या एका आळशी शब्दाने तुझा घात केला.

मग मला जो राग आला, त्या रागाने मी अजून जेवते, झोपते आणि कामावर येते.

सगळी कृती पायरीपायरीने मराठीत लिहून काढली, पुतण्याकडून इंग्रजी करून घेतली, ड्रायरसकट. एक बटण दाबलं की इंटरनेटवरून जगभर गेलं असतं आणि कंपनी आठवड्यात बसली असती. ते पान मी रोज दुपारी उघडायचे, बटणावर बोट ठेवायचे आणि बघत बसायचे. मला ते दाबायचं होतं. मनापासून दाबायचं होतं. दर वेळी तुझा तो परदेशात राबणारा मधे यायचा. तू जिवंत असतास तर मी तुझं ऐकलं नसतं, भांडून का होईना दाबलं असतं. तू मेलास आणि माझा हात बांधून गेलास, याबद्दल मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे.

पण बटण दाखवायला काय हरकत होती? कंपनीला कळवलं, यंत्र इथे पुन्हा उघडलं आहे, आठ दिवसांत या, नाहीतर मी सगळं मांडते. दुसऱ्याच दिवशी फोन. चौथ्या दिवशी तोच बुटवाला हजर, भर दुपारी, कोट घालून. प्रमुखही आले, त्यांच्या पाठीमागे व्यवस्थापनाचे एक वयस्कर सदस्य, ज्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं.

मी खिडक्या लावल्या, कूलर बंद केला आणि तिघांना गरम चहा दिला.

दहा मिनिटांत कोट निघाला. "मॅडम, थोडा कूलर चला दीजिए ना."

"दहा मिनिटं थांबा, साहेब," मी म्हटलं. "दहाच."

एक तास बसवलं, मंगेश. प्रमुखांचा सदरा पाठीला चिकटला, बुटवाल्याचा मधाळ आवाज पार वाळला. मी दाराशी नेहमीसारखी बसले होते, मला काही होत नाही. मग त्याला म्हटलं, पिन तुमच्या मनाने टाका, मी पाठ फिरवते. त्याने टाकला. मी पडद्यासमोर जाऊन एकेक आकडा मोठ्याने वाचला. शेवटचा आकडा वाचला तेव्हा त्याच्या हातातला कप बशीवर वाजला. तो आवाज मला फार आवडला.

पहिले बोलले ते आपले प्रमुख. "वा! आपल्या विभागाचं हे मोठं यश आहे." मला हसूच फुटलं. बुटवाला वेगळा, तो तयारीचा. तो म्हणाला, तापमान नोंदलेलंच नव्हतं तर आम्हाला कसं कळणार, चूक तुमच्या रजिस्टरची आहे, जानेवारीचं पत्र आहे तसंच राहू द्या, दुरुस्ती आम्ही शांतपणे करतो, कॉलेजची प्रयोगशाळाही होईल. प्रमुखांनी लगेच री ओढली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुंदाताई, नोंदी तुमच्या हातच्या आहेत. मंगेशला निर्दोष ठरवायचं तर कुणाला तरी दोषी ठरवावं लागेल. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मी तिथेच, त्याच उकाड्यात, कागद घेतला आणि लिहून दिलं. तापमानाचा रकाना भरायची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही, मंगेशचे निष्कर्ष अचूक होते. त्याखाली लिहिलं, जानेवारीचं माफीपत्र कोणी सांगितलं, कोणत्या खोलीत, दार लोटून, कोणत्या प्रयोगशाळेच्या आशेने. सही केली आणि कागद त्या वयस्कर सदस्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. प्रमुखांनी रुमाल काढला, पण तो घामासाठी नव्हता.

आता काय झालं ते ऐक. तुझं माफीपत्र रद्द झालं, तशी नोटीस फळ्यावर लागली आहे. दुरुस्ती यंत्रांपर्यंत पोचली, कंपनीला तसं जाहीर करावं लागलं, आणि हा दोष मंगेशने शोधला, आम्ही त्याला चुकीचं ठरवलं, हेही त्यातच लिहावं लागलं. प्रत्येक शब्द मी तपासून घेतला. "गैरसमज" असा शब्द घालून त्यांनी पाठवलं होतं, तो मी तीनदा परत पाठवून काढायला लावला. तुझ्या आईला उमरेडला जाऊन ते वाचून दाखवलं. तिने ते घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि मला जेवायला वाढलं. बुटवाल्याला त्या कामावरून काढलंय. प्रमुख गेल्या सोमवारपासून रजेवर आहेत, आणि ते परत त्या खोलीत बसू नयेत म्हणून जे जे करता येईल ते मी करते आहे. माझ्यावर चौकशी बसली आहे. बसू दे, त्या चौकशीतही मी हेच सांगणार आहे.

सूड घेतल्याने मन शांत होत नाही म्हणतात. माझं बरंचसं झालं. कप वाजला तेव्हा झालं, रुमाल निघाला तेव्हा झालं.

एक गोष्ट मात्र मी त्या कागदात लिहिली नाही. जानेवारीचा तिसरा दिवस. बुटवाला जेवायला गेला होता. तू माझ्या टेबलापाशी आलास, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होतेस.

"ताई, मे महिन्यात काही वेगळं होतं काय? आपलं लिहाचं काही राहून गेलं काय?"

रजिस्टर माझ्यासमोर पडलेलं होतं. ते उघडलं असतं, एक पान उलटलं असतं, तर तुझ्यासारख्या माणसाला तो शब्द दिसला असता आणि पुढचं सगळं तुला एका क्षणात कळलं असतं. पण इतक्या वर्षांत माझ्या रजिस्टरला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि तू लावतोयस असं मला वाटलं.

"माह्या रजिस्टरात चूक निघत नाही, मंगेश. तुह्याच डोक्यात काही फिरलं असन."

तू माझ्याकडे पाहिलंस. "हो ताई. तुमचं नाही चुकत," म्हणालास, आणि प्रमुखांच्या खोलीत सही करायला गेलास.

त्या दोघांना माफ करायचं असेल तर कर, तुझा स्वभावच तसा होता. मला मात्र करू नकोस.